चाकाची जबानी

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फोक परगण्यात, बिटाच्या आणि गव्हाच्या सपाट शेतांच्या कडेला उभ्या असलेल्या एका पत्र्याच्या कारखान्यात मी आठ वर्षे शर्यतीच्या रस्त्यावर हौसेने पळविल्या जाणाऱ्या हलक्या मोटारींची चाके सरळ करण्याचे काम केले, आणि त्या आठ वर्षांत ज्या वह्या भरल्या त्या आज कोल्हापूरच्या घरी, वडिलांचे दप्तर ज्या पेटीत असे त्याच पेटीत, ठेवलेल्या आहेत. बहुतेक वह्यांच्या प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ आहे. रेघेच्या डाव्या बाजूस अंश, कला (म्हणजे अंशाचे साठावे भाग) आणि मिलिमीटर यांचे आकडे आहेत. उजव्या बाजूस गाडी फिरवून आलेल्या माणसाने खाली उतरल्याबरोबर जे शब्द उच्चारले ते, शक्य तितके जसेच्या तसे. पहिल्या दोन वह्यांत मात्र ही रेघ नाही. तेथे नुसते आकडेच आकडे आहेत. ती रेघ पानावर कशी आली याची कैफियत येथे सादर करावयाची आहे, आणि कैफियत म्हटली की तीत कसूर कोणाची हेही आलेच. ती माझी होती.

या धंद्याशी माझा पहिला परिचय झाला तो शिवाजी उद्यमनगरात. ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतणाऱ्या आणि कातणाऱ्या कारखान्यांच्या दाटीत एक गॅरेज होते. तेथे ऊस वाहणारे ट्रक, जीपगाड्या आणि अधूनमधून एखादी ॲम्बॅसडर येई, आणि तेथील वस्ताद मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत गवंड्याची दोरी ताणून, एक डोळा मिटून, दोरी आणि टायर यांच्यामधील फटीवरून सारा निवाडा करीत. “पोरा, गाडी काय म्हणत्या ते आधी ऐक, मग पान्याला हात घाल,” असे ते मला दिवसातून एकदा तरी सुनावीत, आणि मी ते शिष्याने गुरुवचन ऐकावे तसे ऐकून, तितक्याच तत्परतेने विसरून जात असे. विसरल्याने तेथे फारसे बिघडतही नसे. उसाने भरलेल्या ट्रकाचे चाक दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तरी ट्रक त्याची दाद लगेच मागत नाही. टायरची एक कड झिजून तारा दिसू लागतात तेव्हा कोठे फिर्याद दाखल होते. जड गाडी सोशिक असते, आणि तिच्या सोशिकपणावर आमच्यासारख्या पुष्कळ कारागिरांची अब्रू तगून राहते.

हलक्या गाडीचा स्वभाव याच्या नेमका उलट. आमच्या कारखान्यापासून फार दूर नसलेल्या हेथेल या गावी, महायुद्धात बांधलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या विमानतळावर, कॉलिन चॅपमन या स्ट्रक्चरल इंजिनियरने आपली लोटस कंपनी 1966 साली नेली. वजन कमी करणे हे ज्याच्या दृष्टीने काटकसरीचे नव्हे तर तत्त्वाचे काम होते अशा या मनुष्याने 1957 साली जी ‘सेव्हन’ नावाची उघडी, सांगाड्यावर पत्रा चढविल्यासारखी गाडी काढली, तीच 1973 पासून केटरहॅम या नावाने आजतागायत चालत आली आहे. आणि त्याच्या निधनानंतर चौदा वर्षांनी, 1996 साली, त्याच कंपनीची ‘एलिस’ रस्त्यावर आली, तिची अॅल्युमिनियमची चौकट वेल्डिंगने नव्हे, तर चक्क गोंदाच्या जातीच्या रसायनाने चिकटविलेली असून त्या चौकटीचे वजन अवघे 68 किलो आणि सगळ्या गाडीचे सव्वासातशे किलोंच्या घरात होते. इंजिन चालकाच्या पाठीमागे. त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार थोडा. आणि म्हणून स्टिअरिंग फिरविण्यासाठी तेलाच्या किंवा विजेच्या मदतीची गरजच ठेवलेली नाही. टायरपासून तळहातापर्यंत लोखंडाची एक अखंड साखळी, तिच्यात मध्यस्थ कोणी नाही. अशा गाड्या घेऊन लोक स्नेटर्टनच्या वळणदार रस्त्यावर येत. तोही मूळचा विमानतळच, युद्धकाळात अमेरिकन बाँबफेकी विमाने तेथून उडत. आणि मद्रासजवळ शोलावरमच्या अशाच एका टाकून दिलेल्या धावपट्टीवर आपल्याकडेही शर्यती रुजल्या, हे आठवले म्हणजे युद्धाने मागे सोडलेल्या काँक्रीटचा इतका निरुपद्रवी उपयोग दुसरा कोणता असेल, असे मला तेथे उभे राहिल्यावर नेहमी वाटे.

कारखान्याचे मालक सत्तरीच्या उंबरठ्यावरचे, अबोल गृहस्थ होते. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका एलिसची चाके अत्यंत काळजीपूर्वक मापात आणली आणि शाबासकीच्या अपेक्षेने त्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातील वाळूच्या चार पिशव्या उचलून एकामागून एक चालकाच्या आसनावर ठेवल्या, गाडीचे नाक दोन वेळा दाबून सोडले आणि मला पुन्हा मोजण्यास सांगितले. माझे आकडे मोडले होते. दीड हजार किलोंच्या घरगुती गाडीत ऐंशी किलोंचा माणूस बसला तर तो विसाव्या हिश्श्याहून थोडासाच अधिक. एलिसमध्ये तोच माणूस नवव्या हिश्श्याचा वाटेकरी असतो, शिवाय तो एका बाजूला बसलेला. उजवीकडच्या स्प्रिंगा दबतात, उजवे चाक आत झुकते, एका कर्णावरचा भार दुसऱ्या कर्णावर सरकतो. मी जी गाडी मापात आणली होती ती कधीच कोणी चालविणार नव्हते, कारण ती रिकामी होती. तेव्हापासून काम येण्यापूर्वी मी गाडीच्या मालकाचे वजन विचारू लागलो, आणि इंग्रज मनुष्यास हा प्रश्न विचारणे त्याचा पगार विचारण्याइतके अवघड असते, हा अनुभव मला फुकटात मिळाला.

कामाचा क्रम ठरलेला असे, आणि तो मोडला तर केलेले सारे काम पुन्हा करावे लागे. प्रथम टायरमधील हवा. मग जमिनीपासून चौकटीची उंची. मग चार चाकांखाली चार काटे ठेवून भाराची वाटणी. त्यानंतर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव. मग कॅस्टर, म्हणजे चाक ज्या कण्याभोवती वळते त्याचे मागे कललेले असणे. आणि सर्वांत शेवटी टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे एकमेकांकडे किती वळली आहेत किंवा एकमेकांपासून किती फिरली आहेत, ते. एलिसमध्ये कॅम्बर बदलावयाचा तर वरच्या सांध्यापाशी पातळ पत्र्याच्या शिम काढाव्या किंवा घालाव्या लागतात आणि तसे करताच टोही बिघडतो, म्हणून टोला शेवटचा मान. मोजणीची साधने पाहून उद्यमनगरातल्या वस्तादांना परके वाटले नसते: गाडीच्या दोन्ही अंगांना, तिच्या मध्यरेषेशी समांतर ताणलेल्या दोन दोऱ्या, एक पोलादी पट्टी, आणि टायरांनी जमीन धरून ठेवू नये म्हणून त्यांच्याखाली ग्रीस लावून एकमेकींवर ठेवलेल्या गुळगुळीत फरश्या. रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी किती दूर आणि मागच्या कडेपासून किती, एवढेच पाहावयाचे. पंधरा इंची रिमवर या दोहोंत एक मिलिमीटरचे अंतर पडले तर चाक नऊ कलांनी फिरलेले असते. आणि मागच्या चाकांच्या बाबतीत त्या नऊ कला आत आहेत की बाहेर, यावर गाडीची शेपूट वळणात शांत राहील की चालकाच्या मनात नसताना पुढे येऊ पाहील, हे ठरते.

अशा रीतीने आकड्यांच्या साम्राज्यात माझे दिवस सुखाने चालले होते. तक्रारी येत, पण त्यांना आकड्यांत उत्तर सापडे. कोणी नवी, बाहेर अधिक झुकणारी रुंद रिम चढवून येई आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग हातातून हिसकले जाते म्हणून सांगे; वळणाचा कणा जमिनीला जेथे भिडतो तो बिंदू आणि टायरच्या ठशाचा मध्य यांत त्या रिममुळे अंतर वाढलेले असे, आणि त्या वाढलेल्या तरफेने प्रत्येक खड्डा चालकाच्या मनगटाला जाब विचारी. कोणी शोभेखातर गाडी एक इंचाने खाली बसवून आणी आणि स्नेटर्टनच्या ‘बाँब होल’ नावाच्या वळणात, जेथे रस्ता खोलगट होऊन गाडी दबते, तेथे ती आपल्याच मनाने वळते असे म्हणे. चौकट खाली गेल्याने टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा, कल बदललेला असे, चाक वर जाताना टाय रॉड एका वर्तुळात आणि चाकाला धरणारे हात दुसऱ्या वर्तुळात फिरत, आणि त्या दोन वर्तुळांच्या बेबनावात चाकाचे तोंड फिरे. रॅकखाली योग्य जाडीच्या पट्ट्या घालून ती वर उचलली की भांडण मिटे. अशा चार-दोन यशांनी माणसाला आपण न्यायाधीश आहोत असे वाटू लागते.

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलात एक दंतवैद्य आपली एलिस घेऊन आले. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मनात डॉक्टरच म्हणत असे. पन्नाशीचे, बारीक बांध्याचे, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहण्याची धंद्याची सवय जडलेले. त्यांची तक्रार एका शब्दाची होती. त्या इंग्रजी शब्दाचा सरळ मराठी अर्थ ‘बधिर’. स्टिअरिंग बधिर झाले आहे, सरळ जाताना तर काहीच कळत नाही, असे ते म्हणाले. माझे इंग्रजी पुस्तकात शिकलेले आणि कारखान्यात रुळलेले. मी त्या शब्दाचा अर्थ, माझ्या सोयीने, ‘हलके’ असा घेतला. ज्याच्यात काही कळत नाही ते पोकळ, आणि जे पोकळ ते हलके, असे काहीसे तर्कशास्त्र त्यामागे असावे. हलके असेल तर जड करावे, हा उपाय ओघानेच आला, आणि त्याचे साधनही हाताशी होते. चाकाच्या वरच्या हाताच्या खिळीवर ज्या चकत्या असतात त्या एका अंगाच्या काढून दुसऱ्या अंगास घातल्या की हात मागे सरकतो, कणा अधिक कलतो आणि कॅस्टर वाढतो. सायकलच्या पुढच्या फाट्याचा कल तिला हात सोडूनही सरळ चालण्यास जशी मदत करतो, त्याच रीतीने मोटारीचे स्टिअरिंगही कॅस्टर वाढविल्यावर मध्याकडे जोराने परतू पाहते आणि हाताला भारदस्त लागते. चारांच्या आत असलेला कॅस्टर मी पाच अंशांच्या पलीकडे नेला, टो पुन्हा मापात आणला, आकडे वहीत लिहिले, आणि शनिवारी डॉक्टर आणि आमचे मालक यांच्याबरोबर स्नेटर्टनला गेलो.

सकाळी डॉक्टर प्रसन्न होते. आता हातात काहीतरी आहे, असे ते म्हणाले, आणि मी ते प्रशस्तिपत्रक समजून खिशात घातले. दुपारी, टायर तापल्यावर, कोरम नावाच्या त्या लांबच लांब उजव्या वळणात, जेथे गाडीचे डावे पुढचे चाक कितीतरी वेळ सगळा भार वाहत राहते, त्यांची गाडी प्रथम वळणाबाहेर रुंदावू लागली, मग त्यांनी दचकून पाय एकदम उचलला, भार पुढे आला, शेपूट सुटली, आणि एक पूर्ण गिरकी घेऊन गाडी गवतात जाऊन थांबली. इजा कोणालाच झाली नाही; पुढच्या जाळीतून मूठ-मूठ गवत काढावे लागले, एवढेच. मी तत्काळ टायरला, मग तापलेल्या डांबराला, आणि मनातल्या मनात डॉक्टरांच्या पायाला दोष देऊन मोकळा झालो. मालकांनी मात्र त्यांना एकच प्रश्न विचारला: गाडी सुटण्याच्या आधी स्टिअरिंग काय म्हणाले? डॉक्टर थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “काहीच नाही. आधी जितके जड होते तितकेच जड होते.”

परतीच्या वाटेवर मालकांनी, त्यांच्या मानाने पुष्कळच, दहा-बारा वाक्ये बोलून मला जे समजावले ते मी पुढे अनेक वेळा स्वतःशी घोळले आहे. टायर जमिनीला एका बिंदूत नव्हे, तर तळहाताएवढ्या ठशात स्पर्श करतो. वळणात रबर पिळवटते, आणि बाजूचा जोर ठशाच्या मध्यावर न राहता जरा मागे साचतो. त्यामुळे चाक सरळ होऊ पाहते, आणि तो ताण चालकाच्या हाताला कळतो. पकडीची सीमा जवळ येऊ लागली की प्रथम ठशाचा मागचा भाग घसरू लागतो. बाजूचा जोर एकंदरीत अजून वाढतच असतो, पण त्याचे केंद्र पुढे सरकते आणि परतीचा ताण उतरू लागतो. म्हणजे गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या काही क्षण आधी स्टिअरिंग हातात हलके होते. ही सूचना टायर स्वतः, प्रसंग डोळ्यांनी पाहून, देत असतो. कॅस्टरमुळे येणारा परतीचा ताण मात्र कण्याच्या कलण्यातून येतो. ठशात काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो, बाजूचा जोर असेतोवर तो शेवटपर्यंत तेच एक वाक्य त्याच आवाजात म्हणत राहतो. दोघांचीही गरज असते. पण कॅस्टर मर्यादेपलीकडे वाढविला की दुसऱ्याचा आवाज पहिल्यावर चढतो, आणि ज्या क्षणी हाताला जाणवावे ते उतरणे त्या भाराखाली बुडून जाते. कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर, मी डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराची जबानी दाबून पढवलेल्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे केले होते.

तरीही मूळ तक्रार शिल्लकच होती. सोमवारी गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढवून आम्ही टाय रॉड सोडवले, आणि मालकांनी मला दोन्ही पुढची चाके, रॅकच्या मदतीवाचून, नुसत्या हाताने वळवून पाहण्यास सांगितले. उजवे चाक बोटाने ढकलताच फिरले. डावे प्रथम अडले, मग एका लहानशा झटक्याने सुटले, आणि पुन्हा अडले. वरच्या बॉल जॉइंटची रबरी टोपी खालच्या अंगाने फाटली होती. हिवाळ्यात तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर जे मीठ टाकतात त्याचे पाणी आत शिरून सांधा गंजला होता. टायरचे जे काही सांगणे असे ते इतके बारीक असे की त्या गंजाच्या अडथळ्यापर्यंत येऊन ते तेथेच जिरून जाई; हातापर्यंत पोहोचे तो नुसता सांध्याचा हट्ट. आणि हे कोणत्याही दोरीत, काट्यात किंवा पट्टीत दिसणारे नव्हते: माझ्या वहीत त्या चाकाचे सगळे आकडे निर्दोष होते.

डॉक्टर गाडी नेण्यास आले तेव्हा तो सांधा मी त्यांच्या हातावर ठेवला आणि माझ्या मूळ गैरसमजाची कबुली दिली. आपण बधिर म्हणालात, मी हलके समजलो, असे सांगितले. ते हसले. मग आपल्या गालावर बोट ठेवून ते म्हणाले, की दाढ काढण्यापूर्वी मी सुई देतो, त्यानंतर माझे रोगी जबडा हलका झाला असे कधीच म्हणत नाहीत. सगळे जण म्हणतात, सुजल्यासारखा झाला आहे, जड झाला आहे. पंचवीस वर्षे रोज हे वाक्य ऐकणाऱ्या मनुष्याने अत्यंत नेमका शब्द वापरून माझ्यापुढे रोगाचे निदानच ठेवले होते. त्या शब्दाचा अर्थ काय असे मी त्यांना विचारले मात्र नव्हते. उद्यमनगरातील वस्तादांचे वाक्य मला त्या क्षणी आठवले हे खरे. पण ते आठवण्यास सात समुद्र ओलांडावे लागले आणि परक्याची गाडी गवतात घालावी लागली, याची लाज आठवणीपेक्षा मोठी होती. त्याच संध्याकाळी नव्या वहीच्या पानांवर पट्टी धरून मी मधोमध रेघा ओढल्या.

पुढे त्या उजव्या रकान्याने मला पुष्कळ शिकविले. जड, घट्ट, मख्ख, चिकट, रबरासारखे, लोण्यासारखे: प्रत्येक माणसाचा कोश निराळा असे, आणि एकाच शब्दाखाली दोन माणसे दोन वेगळ्या व्यथा लपवीत. म्हणून तक्रार ऐकल्यावर मी विचारू लागलो, की हे कोणत्या वळणात, आत शिरताना की बाहेर पडताना, टायर थंड असताना की तापल्यावर, आणि तेव्हा आपला पाय कोठे होता? निम्मी उत्तरे देता देता माणसेच थबकत आणि आपली पहिली जबानी दुरुस्त करून घेत. डावा रकाना त्यामुळे निरुपयोगी ठरला असे मात्र नाही. दोरीवाचून नुसत्या शब्दांवर विसंबणारा कारागीर माझ्या पहिल्या दोन वह्यांइतकाच आंधळा. फक्त आधी कोणता रकाना भरावयाचा, एवढाच फरक पडला.

डॉक्टर जुलैत पुन्हा स्नेटर्टनला आले. नवा सांधा बसवून मी कॅस्टरच्या चकत्या मूळ जागी नेल्या होत्या, तेव्हा डाव्या रकान्यात त्या दिवशी निर्मात्याच्या पुस्तिकेतल्याच मापांची नक्कल आहे. आपले म्हणून मी त्यात काहीही घातलेले नाही. दुपारी, टायर तापल्यावर, ते एक लांब फेरी करून आले, हेल्मेट काढण्यापूर्वीच हातमोजे काढले, आणि मी पेन्सिल सरसावून उभा होतो त्या बाजूस वळून जे बोलले ते उजव्या रकान्यात असे आहे: “कोरमच्या मध्यावर हातातला भार किंचित उतरला. मी वळवणे तेवढेच धरून ठेवले, पाय अगदी थोडा सैल केला. भार परत आला.”